जिंकून थांबलेला संघ

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बर्फाची ओळख होते ती गोळेवाल्याच्या हातगाडीवर. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडतात आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी दुपार टळेपर्यंत निम्मी विरघळून जाते. अशा मुलखातील माणसांनी बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीविषयी लिहावे, याचे कुणालाही नवल वाटेल. परंतु स्वतःच्या अंगणातील प्रश्नाचे उत्तर कधी कधी दूरच्या अंगणात डोकावल्यावर सुचते. टोरांटो शहरातील एका कॅथलिक कॉलेजच्या हौशी हॉकी संघाची कहाणी आमच्यातील एकाच्या परिचारिका असलेल्या मुलीने तिकडून पत्राने कळवली. तेव्हापासून मिळेल तेथून आम्ही त्या संघाचा इतिहास वाचत आलो आहोत, तो केवळ कुतूहलापोटी नव्हे.

प्रश्न आहे आमच्या वसतिगृहाच्या मैदानाचा. आमचा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात मोडतो. हा धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. वसई-मुंबईच्या मानाने इकडे कॅथलिकांची वस्ती अगदीच विरळ आहे. एकेका धर्मग्रामाच्या हद्दीत कितीतरी गावे येतात आणि आडगावांतील कोलाम, गोंड, बंजारा अशा समाजांची मुले शिक्षणासाठी मिशनच्या वसतिगृहात येऊन राहतात. त्यांतील बहुतेक ख्रिस्ती नसतात. आम्ही काही जण अशाच एका वसतिगृहात वाढलो आणि आता संसारी झालो असलो, तरी रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमची पावले त्या मैदानाकडे वळल्यावाचून राहत नाहीत.

आमच्या लहानपणी छोटानागपूरकडील एक धर्मगुरू येथे आले आणि त्यांनी आम्हांला हॉकी शिकवली. त्यांच्या मुलखात मिशनच्या शाळा आणि हॉकी ही जोडी फार जुनी आहे. १९२८ साली ॲमस्टरडॅमला भारताला हॉकीचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले, त्या संघाचे कर्णधार जयपाल सिंग हे त्याच मातीतील ख्रिस्ती आदिवासी होते. १९७५ साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघातील मायकल किंडो हेही तिकडचेच. फादर ही नावे संतांच्या नावांसारखी घेत. पावसाळ्यात काळ्या मातीवर पाऊल ठरत नाही, म्हणून आम्ही पोरांनी टोपल्यांनी मुरूम वाहून ते मैदान तयार केले. बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून काठ्या केल्या. आम्ही फार मोठे खेळाडू झालो नाही. परंतु हरल्यावर समोरच्याचा हात हातात कसा घ्यावा, हे आम्ही पुस्तकात शिकलो नसून त्या मुरमावर शिकलो.

आज त्या मैदानाबाबत दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे, की मैदानाच्या जागी अभ्यासिका आणि शिकवणीच्या खोल्या बांधाव्यात आणि नववी-दहावीच्या मुलांचा खेळ बंद करावा. या मागणीला हसण्याचे काही कारण नाही. ज्या घरात कापसाचा भाव आणि पावसाचा एक खंड वर्षभराची भाकरी ठरवतो, त्या घराला मुलाच्या गुणपत्रिकेतील एकेक गुण मोलाचा वाटणारच. दुसरा पक्ष म्हणतो, खेळ ठेवायचा तर जिंकण्यासाठी ठेवा. बाहेरून प्रशिक्षक आणा, चार गुणी मुले निवडा, त्यांनाच तयार करा. राज्य पातळीवर खेळले तर परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, मग बाकीच्यांनी धावून काय मिळवायचे? वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी दिसतात. खरे पाहता दोघांचा प्रश्न एकच आहे: खेळाचे आम्हांला काय मिळणार? टोरांटोच्या त्या संघाचा इतिहास वाचताना आम्हांला जाणवले, की हाच प्रश्न तेथेही उभा राहिला होता. मात्र तेथील धर्मगुरूंनी तो निराळ्या शब्दांत विचारला.

बर्फावरची हॉकी आमच्या हॉकीची चुलत बहीण म्हणावी. मैदानाच्या जागी सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असे गोठवलेले बर्फाचे अंगण असते. पायांत पोलादी पात्यांचे बूट असतात आणि चेंडूऐवजी कडक रबराची एक इंच जाडीची चकती असते. एका बाजूस गोलरक्षकासह सहा गडी असतात आणि वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग असा, की आपल्याकडील खेळ त्यापुढे संथ वाटावा. आणि अंगाला अंग भिडवणे तेथे नियमातच बसत असल्याने खेळ आणि मारामारी यांतील रेषा फार पातळ असते. छताखाली, ठरलेल्या नियमांनी या खेळाचा पहिला सामना १८७५ साली माँट्रियल येथे झाला असे मानतात. पुढे वीस-पंचवीस वर्षांत हा खेळ कॅनडाचा जणू दुसरा धर्मच झाला.

आरंभी सारेच हौशी होते. १८९२ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी दिलेला चषकही हौशी संघांसाठीच होता. पण प्रेक्षक वाढले, तिकिटे खपू लागली, पैसे घेऊन खेळणारे आले आणि तो चषक त्यांच्याकडे गेला. तेव्हा हौशी संघांसाठी १९०८ साली ॲलन चषक सुरू झाला. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ साली तरुण खेळाडूंसाठी मेमोरियल चषक ठेवण्यात आला. ज्या खेळात मुले एकमेकांना धडका देतात, त्याचा चषक रणांगणावर पडलेल्या मुलांच्या नावाचा असावा, हे वाचून आम्ही थोडे थबकलो.

सेंट मायकल्स कॉलेज १८५२ साली टोरांटो येथे सुरू झाले. ते बॅसिलियन संघाच्या धर्मगुरूंनी चालवले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, ख्रिस्तसभेची विद्यालये उद्ध्वस्त झालेली असताना, फ्रान्समध्ये १८२२ साली या संघाची रीतसर स्थापना झाली होती. शिकवणे हेच त्यांचे प्रेषितकार्य. त्या काळचे टोरांटो शहर प्रॉटेस्टंटांचे होते आणि कॅथलिक बहुतांशी आयर्लंडहून उपासमारीने आलेले गरीब लोक होते. त्यांच्या मुलांसाठी हे कॉलेज होते. त्याचे ब्रीद स्तोत्रसंहितेतून घेतलेले आहे. त्यात परमेश्वराकडे तीन गोष्टी शिकवण्याची याचना आहे: चांगुलपणा, शिस्त आणि ज्ञान. हा क्रम आम्ही अनेकदा मनाशी घोळवला आहे. ज्ञान देणाऱ्या संस्थेने ज्ञान तिसऱ्या जागी ठेवले आहे आणि विजयाचे तर नावही घेतलेले नाही.

१९०६ साली या कॉलेजात हॉकीचा संघ उभा राहिला आणि चारच वर्षांत, १९१० साली, त्याने ॲलन चषक जिंकला. त्यानंतर तरुणांच्या मेमोरियल चषकावर १९३४, १९४५ आणि १९४७ साली त्याचे नाव कोरले गेले. ‘मेजर्स’ या नावाने तो ओळखला जाई. ज्यांना समाजात दुय्यम लेखले जात होते, अशा कॅथलिक कुटुंबांच्या दृष्टीने हे विजय केवळ खेळाचे नव्हते. ज्या घरातील मुलाला शहरात चांगल्या नोकरीचे दार उघडत नव्हते, त्या घरातील बाप सोमवारी कारखान्यात ताठ मानेने जात असेल, तो या मुलांमुळे. आमच्या पोरांनी तालुक्याच्या शाळेला हरवले त्या दिवशी आमच्या गावांतील आईबाप कसे चालत होते, हे आम्ही पाहिलेले असल्याने हे समजण्यास आम्हांला पुस्तकाची गरज पडली नाही.

परंतु यशाबरोबर गिऱ्हाईकही येते. शहरातील मेपल लीफ्स हा व्यावसायिक संघ होता. त्याने दोन हौशी संघांना आश्रय दिला होता. सर्वसाधारण प्रघात असा, की कॅथलिक मुले सेंट मायकल्सकडे जात आणि प्रॉटेस्टंट मुले मार्लबरोज या संघाकडे. खेड्यापाड्यांतील, खाणींच्या गावांतील गुणी मुले हेरून कॉलेजात आणली जात. त्यांना चांगले शिक्षण मिळे, पालकांना समाधान वाटे आणि व्यावसायिक संघाला तयार खेळाडू मिळे. रेड केली, टेड लिंडसे, टिम हॉर्टन, फ्रँक माहोव्लिच, डेव्ह किऑन हे पुढे गाजलेले खेळाडू या कॉलेजातून गेले. यांतील केली यांनी पुढे आठ वेळा स्टॅनली चषक जिंकला आणि खेळत असतानाच ते पार्लमेंटचे सभासदही झाले. म्हणजे या व्यवस्थेने काहींचे भले केले, हे नाकारता येत नाही.

मात्र या व्यवस्थेत एक कागद होता. त्याला ‘सी फॉर्म’ म्हणत. अल्पवयीन मुलगा आणि त्याचे पालक थोड्याशा रकमेच्या मोबदल्यात त्यावर सही करीत आणि त्या सहीबरोबर मुलाच्या हॉकीतील भविष्यावर एका व्यावसायिक संघाचा हक्क लागू होई. शिवाय मोसमात सुमारे पन्नास सामने आणि त्यावर बाद फेरीचे सामने असत. प्रवास, रात्रीची जागरणे, दुखापती, प्रेक्षकांची आरडाओरड हे सारे सोसून सकाळी वर्गात लॅटिन आणि गणित शिकायचे. कागदोपत्री संघ हौशी होता, मुले मात्र कामगारासारखी राबत होती.

येथे फादर डेव्हिड बाउर यांचा प्रवेश होतो. ते ओंटारिओ प्रांतातील एका मोठ्या कॅथलिक कुटुंबातील. त्यांचे वडीलबंधू बॉबी हे १९३४ च्या विजयी संघातून पुढे बोस्टनच्या व्यावसायिक संघात गेले आणि नामांकित झाले. डेव्हिड हेही या कॉलेजचेच विद्यार्थी व उत्तम खेळाडू होते. त्यांना तो रस्ता मोकळा असूनही ते बॅसिलियन संघात गेले आणि १९५३ साली धर्मगुरू झाले. पुढे ते आपल्याच कॉलेजात शिकवू लागले आणि १९६०-६१ च्या मोसमात संघाचे प्रशिक्षकही होते. त्या मोसमात मेजर्स संघाने एडमंटनच्या संघाला हरवून चौथ्यांदा मेमोरियल चषक जिंकला. चौदा वर्षांनंतर मिळालेला हा विजय होता.

आणि त्याच वर्षी कॉलेजने ओंटारिओच्या त्या मोठ्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. सामन्यांची संख्या, वाढता दांडगेपणा आणि अभ्यासाची होणारी हेळसांड ही कारणे होती. पुढचा एक मोसम टोरांटो परिसरातील लहान स्पर्धेत गेला आणि १९६२ साली त्या पातळीवरील संघच विसर्जित झाला. हरलेला संघ थांबतो, पैसा संपलेला संघ थांबतो, हे आपण नेहमी पाहतो. जिंकून थांबलेला संघ आम्ही प्रथमच पाहिला.

येथवर वाचून आमच्यातील पहिल्या पक्षाचे गृहस्थ आनंदले. ते म्हणाले, “पाहा, त्या फादरांनीही शेवटी खेळ बंद करून अभ्यासच ठेवला की नाही?” त्यांचे हे म्हणणे आम्ही मनात ठेवले आणि पुढे वाचत गेलो.

फादर बाउर यांची १९६१ सालीच व्हँकुव्हरला बदली झाली आणि ते तेथील विद्यापीठाच्या सेंट मार्क्स कॉलेजात गेले. तेथे जाऊन त्यांनी हॉकी सोडली नाही. तोवर ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या वतीने कुठला ना कुठला हौशी क्लबच जात असे. १९२० साली अँटवर्पला सुवर्णपदक जिंकणारा विनिपेग फाल्कन्स हा आइसलँडहून आलेल्या स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा क्लब होता. १९५२ साली एडमंटनच्या मर्क्युरीज क्लबने सुवर्णपदक आणले. त्यानंतर सोव्हिएत संघ मैदानात उतरला आणि एकेकट्या क्लबचे बळ त्यापुढे अपुरे पडू लागले. १९६२ साली, रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरण्याच्या थोडे आधी, फादर बाउर यांनी हौशी हॉकीच्या संघटनेपुढे एक योजना मांडली. देशभरातून असे खेळाडू निवडावेत, जे विद्यापीठात शिकत राहतील, एकत्र राहतील आणि देशासाठी खेळतील. ज्याला खेळायचे त्याने शाळा सोडावी आणि ज्याला शिकायचे त्याने खेळ सोडावा, ही सक्ती त्यांना मोडायची होती. १९६३ साली हा संघ व्हँकुव्हरच्या विद्यापीठात उभा राहिला. १९६१ च्या मेजर्स संघातील टेरी ओ'मॅली आणि बॅरी मॅकेन्झी हेही त्यात होते.

म्हणजे फादर बाउर यांनी खेळ बंद केला नव्हता. खेळाचे जे दुसरेच काही होऊन बसले होते, त्यातून त्यांनी खेळ सोडवून घेतला होता. हे आमच्या मित्राला सांगितले, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग ते जिंकले की नाही?”

याचे उत्तर सरळ नाही. १९६४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा विद्यार्थ्यांचा संघ उतरला. स्वीडनविरुद्धच्या सामन्यात कार्ल-गोरान ओबर्ग या खेळाडूच्या हातातील काठी कॅनडाच्या बाकाजवळ उभ्या असलेल्या फादरांच्या कपाळावर बसली आणि रक्त वाहू लागले. कॅनडाचे खेळाडू उसळले. फादरांनी त्यांना बाकावरून उठू दिले नाही. तो सामना कॅनडाने ३-१ असा जिंकला. ओबर्गवर एका सामन्याची बंदी आली. तेव्हा फादरांनी त्याला निरोप पाठवून बोलावून घेतले आणि दुसऱ्या दिवशीचा सामना दोघांनी शेजारी शेजारी बसून पाहिला. पुढे सोव्हिएत संघाकडून कॅनडाचा ३-२ असा पराभव झाला. कॅनडा, स्वीडन आणि चेकोस्लोव्हाकिया यांचे विजय-पराजय सारखे झाले आणि गोलांच्या हिशोबात कॅनडा चौथा ठरला. पदक मिळणार अशा समजुतीने बक्षीस समारंभास गेलेली मुले रिकाम्या हाताने परतली. फादरांना मात्र त्यांच्या खिलाडू वृत्तीबद्दल एक खास सुवर्णपदक देण्यात आले.

रविवारच्या प्रवचनात शत्रूवर प्रीती करण्याविषयी आपण किती वेळा ऐकतो! ऐकताना मान डोलावतो आणि घरी जाऊन बांधावरून भावाशी भांडतो. कपाळावर पट्टी बांधलेला एक धर्मगुरू आणि त्याला ती जखम करणारा तरुण एकाच बाकावर बसून तिसऱ्यांचा खेळ पाहत आहेत, हे दृश्य आमच्या मनात कोणत्याही प्रवचनाहून खोल रुतले आहे. संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना धावपटूंचा दाखला दिला, तो नाशवंत मुगुट आणि अविनाशी मुगुट यांतील अंतर सांगण्यासाठी. इन्सब्रुकला ते अंतर लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

तथापि ही कहाणी गोड शेवटाची नाही, हेही सांगितले पाहिजे. सेंट मायकल्सने संघ विसर्जित केला, तेव्हा त्यातील खेळाडू शहरातल्याच दुसऱ्या कॅथलिक शाळेच्या संघात गेले. पाटी बदलली, बाजार तोच राहिला. फादर बाउर यांच्या राष्ट्रीय संघाने १९६८ साली ग्रेनोबल येथे कांस्यपदक मिळवले. परंतु इतर देश नावापुरते हौशी असलेले खेळाडू उतरवतात आणि आम्हांला व्यावसायिकांची बंदी, या वादातून कॅनडाने १९७० साली आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून माघार घेतली आणि तो संघ संपला. फादर बाउर १९८८ साली प्रभूघरी गेले. पुढच्याच वर्षी हॉकीच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव घेण्यात आले. सेंट मायकल्सचा मेजर्स संघ १९९७ साली पुन्हा मोठ्या स्पर्धेत उतरला आणि २००७ साली शेजारच्या मिसिसागा शहरात हलवला गेला. २०१८ साली तर त्या शाळेतील काही विद्यार्थ्यांनी आपल्याच सोबत्यांवर केलेले अत्याचार उघडकीस आले, पोलिसांनी मुलांना अटक केली आणि शाळेच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. भिंतीवर चांगुलपणाचे ब्रीद लिहिले म्हणजे चांगुलपणा वारशाने मिळत नाही. तो प्रत्येक पिढीला नव्याने शिकवावा लागतो आणि ज्या दिवशी शिकवणे थांबते, त्या दिवशी तो संपतो.

मग उरले काय? उरली माणसे. टेरी ओ'मॅली १९६४ आणि १९६८ नंतर १९८० च्या ऑलिंपिकमध्येही खेळले, तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. ते आणि बॅरी मॅकेन्झी पुढे सॅस्कॅचेवान प्रांतातील विल्कॉक्स या लहानशा गावी, नोत्र दाम या निवासी शाळेच्या कामात रमले. फादरांनी ज्यांना शिकायला लावले, ते शिकवणारे झाले. चषकांच्या यादीत ही नोंद कुठे सापडत नाही.

असा विचार आपल्याकडे झालाच नाही, असे मात्र नाही. आमच्या शेजारी अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. तेथेही हेतू चषक जिंकण्याचा नव्हता. पारतंत्र्यात वाकलेल्या पाठी सरळ करण्याचा होता. ज्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १९३६ साली ध्यानचंदांच्या संघाने हॉकीचे सुवर्णपदक घेतले, तेथेच या मंडळाच्या तरुणांनी कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. ते कोणाला हरवायला गेले नव्हते. त्या आखाड्यातून पुढे शारीरिक शिक्षणाचे कॉलेज उभे राहिले आणि विदर्भातील किती तरी शाळांना तेथून खेळाचे शिक्षक मिळाले. टोरांटोचे धर्मगुरू आणि अमरावतीचे वैद्य बंधू एकमेकांना ओळखत नव्हते, त्यांचे धर्म, देश, हवामान सारे निराळे होते. तरी खेळ हा माणूस घडवण्यासाठी आहे, माणूस खेळासाठी खर्ची घालायचा नाही, या एका गोष्टीवर त्यांचे एकमत झाले असते.

आता आमच्या मैदानाकडे येतो. आमच्यापुढे एका मुलाचे उदाहरण आहे. तो नववीत असताना त्याची चपळाई पाहून बाहेरगावच्या एका प्रशिक्षण केंद्राने त्याला नेले. आईबापांनी गावभर पेढे वाटले. दोन वर्षांनी गुडघा दुखावला, तेव्हा त्याला घरी पाठवण्यात आले. शाळा मध्येच सुटली होती आणि परत वर्गात लहान मुलांबरोबर बसायची त्याला लाज वाटली. आज तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. त्याने कोणत्याही ‘सी फॉर्म’वर सही केली नव्हती, परंतु सौदा तोच झाला होता. आणि दुसरेही एक उदाहरण आहे. दहावीच्या वर्षी खेळ पूर्ण बंद करून कोंडून अभ्यासाला बसवलेला एक हुशार मुलगा परीक्षेआधीच वसतिगृहातून पळून घरी गेला. विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, की संध्याकाळ झाली की जीव गुदमरतो. पहिल्या मुलाला आपण फक्त पाय समजलो, दुसऱ्याला फक्त डोके. त्यांना पूर्ण मूल समजणे दोन्ही वेळा राहून गेले.

मेजर्स संघात एक उणीव होती, तीही नमूद करावीशी वाटते. तो केवळ मुलग्यांचा संघ होता. आमच्या मुरमाच्या मैदानावर आज सिस्टरांच्या वसतिगृहातील मुलीही उतरतात आणि त्यांच्यातील दोघी-तिघी मुलग्यांना सहज चकवतात. त्यांतील बऱ्याच जणींचे लग्न अठरावे सरताच ठरेल, याची आम्हांला कल्पना आहे. आयुष्यात मोकळेपणी धावण्याची त्यांची हीच चार-पाच वर्षे आहेत. जो कोणी त्या जागेवर खोल्या बांधू पाहतो, त्याने आधी एकदा सायंकाळी पाच वाजता तेथे येऊन उभे राहावे.

येत्या पालकसभेत आम्ही चार गोष्टी मांडणार आहोत. मैदान मैदानच राहावे आणि अभ्यासिका स्वयंपाकघरामागील पडीक जागेत बांधावी. तिच्या भिंतींसाठी आम्ही माजी विद्यार्थी वर्गणी काढू. रोज सायंकाळी एक तास सर्व मुलामुलींनी खेळावे, दहावीच्यांनीही, आणि त्यानंतर सर्वांनीच अभ्यासाला बसावे. संघ निवडताना केवळ उत्तम खेळणारे न घेता आळीपाळीने सर्वांना संधी द्यावी. त्यामुळे काही सामने आपण हरू, ते हरावेत. आणि कोणत्याही मुलाला, तो कितीही गुणी असो, शालान्त परीक्षेपूर्वी शाळा सोडून कुठल्याही केंद्रात पाठवू नये. जेथे शाळा आणि खेळ दोन्ही चालू राहतील, तेथे मात्र आनंदाने पाठवावे.

या गोष्टी सर्वांना पटतील असे नाही. आमचे मित्र विचारतील, की यातून किती मुले पोलिसात लागली, किती परिचारिका झाल्या, आणि हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, कारण त्यांच्या घरची चूल त्या उत्तरावर पेटते. आम्ही त्यांना वायदा करू शकत नाही. फादर बाउरही करू शकले नव्हते, त्यांची मुले इन्सब्रुकहून रिकाम्या हातांनीच परतली होती. आम्ही एवढेच सांगू, की चांगुलपणा, शिस्त आणि ज्ञान या क्रमाने चालणारी मुले उपाशी राहत नाहीत, आणि क्रम उलटा केला तर पोट भरूनही माणूस अर्धाच वाढतो.

सभा पेरण्या आटोपल्यावर आहे. तोवर मैदानावरचा वाहून गेलेला मुरूम पुन्हा पसरायचा आहे. दोन बैलगाड्या मिळाल्या आहेत, तिसरीची गरज आहे.